तिसऱ्या वाफ्यातली उपाशी कर्दळ

आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारं पाणी वाईट, असा निकाल प्रयोगशाळेतून आला तेव्हा तिने कागद आधी उलटा धरून पाहिला. मग खिडकीशी नेऊन पाहिला. आकडे तेच.

"म्हणजे तुमचं गवत पाणी धूत नाही, मळवतं," मोठे साहेब म्हणाले. सांडपाणी केंद्राचे ते प्रमुख. टाक्या, पंप आणि पत्र्याच्या शेडा यांवर त्यांचा जीव. पाणथळीच्या बाजूला वळले, की वास नसतानाही त्यांच्या नाकाला वास यायचा.

"गवत नाही ते, साहेब."

"बरं, झुडपं."

"कुठेतरी गडबड आहे. मी शोधते."

"शोधा ना, मी कुठे अडवतोय? तपासणीच्या बाई पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांच्या बाटलीत हेच पाणी गेलं, तर ती जागा भरून घ्यायची आणि गाळण्याच्या टाक्या बसवायच्या. आराखडा तयार आहे." आणि टेबलावरची सुरळी त्यांनी अशी थोपटली, जसं मांडीवर निजलेलं मूल.

ती कागद घेऊन निघाली. बोलली असती तर टाक्यांविषयी बोलली असती, आणि ते नोकरीच्या दृष्टीने बरं झालं नसतं.

केंद्राच्या मागच्या अंगाला, तारेच्या कुंपणाआड, पाणथळ होती. तिनेच आखलेली, तिनेच वर्षानुवर्षं भांडून मिळवलेली. टाक्यांमधून निघालेलं पाणी दिसायला तसं बरं असतं. वास गेलेला, रंग फिक्या चहासारखा. पण डोळ्यांना न दिसणारं पुष्कळ काही त्यात विरघळलेलं राहतं. शेवाळाला ते आवडतं, तळ्याला सोसत नाही. तेवढं काढून घ्यायला तीन लांबट वाफे. खाली खडी, खडीत मुळ्या, मुळ्यांमधून पाणी. पहिल्यात पाणकणीस, दुसऱ्यात बोरू, तिसऱ्यात कर्दळ. पाण्याने यावं, घाई करू नये. भरली पिशवी घेऊन निघालेल्या आजीने वाटेत भेटेल त्या नातवंडाच्या हातावर काही ना काही ठेवत जावं, आणि शेवटी रिकामी पिशवी झुलवत घरी पोचावं, तसं त्या पाण्याने हलकं होत होत खालच्या तळ्यात उतरावं.

आता यात ओघानेच आलं, की पहिल्या वाफ्यातली नातवंडं टम्म फुगणार आणि तिसऱ्यातली रोडावणार. तिथे पोचेपर्यंत पिशवीत काही उरतच नाही. तिसऱ्या वाफ्यातली पानं पिवळी, दांडे किडकिडीत, फूल आलंच तर एखादं आणि तेही ओशाळलेलं. ते तसंच हवं. तिसरा वाफा उपाशी, म्हणजे पाणी स्वच्छ. हे ती बघायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायची, आणि प्रत्येक जण सगळं नीट ऐकून घेऊन म्हणायचा, "पण ही झाडं मेलीत हो."

तिने पाणथळीची उलटतपासणी सुरू केली. नळ पाहिले, झडपा पाहिल्या, बांधाला कुठे भेग आहे का ते ओणवी होऊन पाहिलं. बदकांवर संशय घेतला. बदकं करतात ते करतात, पण एवढा निकाल बिघडवायचा तर बदकांची पलटण लागली असती. इथे एक जोडी होती, आणि तिचंही आपसात फारसं पटत नसावं. शेवटी ती फाटकावरच्या मामांकडे गेली.

"मामा, आत कोणी येतं का?"

"छे, ताई. चिटपाखरू नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. आप्पा सोडले तर."

ती थांबली. "आप्पा येतात?"

"रोज सकाळी. पण ते काय 'कोणी' आहेत का?" मामांना प्रश्नच कळेना. "पिशवी घेऊन येतात, तासभर त्या कर्दळीत बसतात. गाणंसुद्धा म्हणतात तिला. मला तर पाठ झालंय." आणि त्यांनी, हाताने झडपेच्या चाकावर ठेका धरत, म्हणून दाखवलं:

"कर्दळीबाई गं, तुझं पान का पिवळं,
पहिल्या पंगतीनं तुझं खाल्लं का सगळं?"

"पिशवीत काय असतं, मामा?"

"आता आप्पांची पिशवी मी कशी उघडू, ताई?"

आप्पा म्हणजे तिचे वडील. शहरातल्या मोठ्या बागेचे ते मुख्य माळी होते. निवृत्त झाल्यावर काही काळाने ती बाग उकरून तिथे गाड्या उभ्या करायची सोय झाली, तेव्हा आप्पांनी कर्दळीचे गड्डे पोत्यांत भरून घरी आणले आणि न्हाणीघरात ठेवले. घरातल्या माणसांना कित्येक दिवस पोत्यांना वळसा घालून अंघोळ करावी लागली. तिनेच मग त्यांना तिसऱ्या वाफ्यात जागा दिली होती. म्हणजे ती नुसती झाडं नव्हती, पडलेल्या घरातून वाचलेली माणसं होती.

ती वाफ्याच्या मधोमध गेली. इथली कर्दळ अलीकडे हिरवीगार झाली होती, दोन-चार ठिकाणी लालभडक फुलली होती. हे तिने आधीच पाहिलं होतं, आणि पाहून बागवानाची लेक म्हणून मनातून सुखावली होती. सुखावायच्या ऐवजी घाबरायला हवं होतं. तिने बोटांनी खडी बाजूला सारली. खाली पांढरे दाणे होते. खताचे. मूठमूठभर, प्रत्येक बुंध्याशी, प्रेमाने घातलेले.

घरी ती चपलेसकट स्वयंपाकघरात शिरली. आप्पा खिडकीतल्या कुंडीची माती उकरत बसले होते.

"आप्पा, तुम्ही तिसऱ्या वाफ्याला खत घालता?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे लागेल तेवढं." त्यांनी मान वर केली नाही. "उपाशी होती गं ती. बघवत नव्हतं. तुला एवढं मोठं काम, तुझं लक्ष नाही राहत, म्हटलं आपण करू."

"आप्पा, ती उपाशीच राहायला हवीत! पाण्यातलं खत काढायला ती लावलीयत. मी वरून काढतेय आणि तुम्ही खालून घालताय!"

"पाण्यातलं खत पहिली दोन खातात. मग यांनी काय खायचं?"

"काही नाही!"

"मग लावलीत कशाला?"

तिने डोकं दोन्ही हातांत धरलं. समोरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याने, वर्तमानपत्राआडून, "मी यात नाही," असं जाहीर केलं.

"शेवटी काही उरलंच, तर तेवढं घ्यायला," ती शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली. "राखणीला म्हणून."

"म्हणजे दुसऱ्याचं उष्टं मिळालं तर मिळालं, नाही तर उभं राहायचं. आमच्या बागेत कुत्र्यालासुद्धा आम्ही असं नाही ठेवलं."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. पाणी नापास झालं तर सगळं बुजवून टाक्या बसवणार आहेत. तुमची कर्दळ खडीखाली जाईल, आप्पा. उपाशी नाही, गाडलेली."

हे मात्र त्यांना लागलं. हातातली खुरपी त्यांनी खाली ठेवली. "बरं बाई. खत नाही घालणार."

"शब्द द्या."

"दिला. खताचा एक दाणा पडला तर नाव सांगणार नाही."

तिने तो शब्द घेतला आणि निश्चिंत झाली. जन्मापासून या माणसाला ओळखत असून ती निश्चिंत झाली, याचा तिला नंतर कितीतरी दिवस राग येत राहिला. त्याच दिवशी तिने खडीतले दिसतील तेवढे दाणे वेचले, आणि उरलेलं निघून जावं म्हणून वाफ्यांतून पाणी जास्तीचं सोडलं. आकडे थोडे उतरले. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तर पाणी पुष्कळ निवळलं होतं.

तपासणीच्या बाई आल्या. सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या, हातात बाटल्यांची पेटी. मोठे साहेब बरोबर होते आणि काखेत ती सुरळी. पहिल्या वाफ्याशी पोचताच ती जागीच थबकली. जाडजूड पाणकणसांच्या रांगेत मधेच पोकळ्या पडल्या होत्या आणि त्या पोकळ्यांमध्ये, लग्नात चुकून वरपक्षात जाऊन बसलेल्या पाहुण्यांसारख्या, रोडक्या पिवळ्या कर्दळी उभ्या होत्या. ती जवळजवळ धावतच तिसऱ्या वाफ्याकडे गेली.

आप्पा तिथेच होते. विजार गुडघ्यापर्यंत ओली, कोपरापर्यंत काळा चिखल, चेहरा समाधानाने उजळलेला. आजूबाजूला खडी उकरलेली, त्यात गाळाने काळ्या झालेल्या मुळ्यांसकट लठ्ठ पाणकणसं रोवलेली. आणि शेवटच्या नळातून तळ्याकडे जाणारं पाणी दुधाळ, तपकिरी, गढूळ.

"ये, ये," आप्पा म्हणाले. "खत नाही घातलं हं. दिला शब्द पाळला. नुसती पाळी लावली."

"कसली पाळी?" तिने विचारलं.

"जेवणाची. या बिचाऱ्या कायमच्या शेवटच्या. जरा पुढे बसू देत की त्यांनाही. आणि ही पाणकणसं बघ कशी सुटलीयत. चार दिवस उपाशी राहिली तर तब्येतीला बरंच."

मोठे साहेब हसले. इतक्या वर्षांत त्यांचे वरचे दात तिने पहिल्यांदा पाहिले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे असा माणूस नाही," साहेब तत्परतेने म्हणाले. "कुंपण ओलांडून कोणी आत शिरत असेल, तर पाणथळ राखायची कशी, सांगा बरं?"

परका माणूस शिरला, असं म्हणून टाकायला जागा होती. साहेबांनीच ती करून दिली होती. पण मग कुंपण कच्चं ठरलं असतं आणि आप्पा चोर. तिने एकदा गढूळ पाण्याकडे पाहिलं, एकदा त्या चिखलमाखल्या माणसाकडे.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली. "आधीच्या नमुन्यात वाढलेलं खतही त्यांचंच. झाडं उपाशी दिसली म्हणून घातलं. आणि हे आज सकाळचं."

बाईंनी पेटीतून कागद काढला. "बिघाडाच्या कारणाला इथे चार रकाने आहेत. यंत्र, पाऊस, जनावर, परका माणूस. वडील कशात घालू?"

"जनावरात घाला."

"पोरी!" आप्पा म्हणाले.

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण आवाज कोरडाच राहिला. "ढवळलेल्या पाण्याचा नमुना घेऊन मला काही कळणार नाही. कारण सापडलं असेल आणि ते काढून टाकता येण्यासारखं असेल, तर एक मुदत देता येते. एकच. आज हलवलेली झाडं जागेवर जाऊ देत. ज्यांच्या मुळाशी खत बसलंय ती सगळी बाहेर काढा, मुळं आणि खालची खडी धरून. पाणी निवळलं की मी येईन. तेव्हा जमलं नाही, तर साहेबांच्या टाक्या."

"सगळी म्हणजे," आप्पांनी विचारलं, "फुललेली पण?"

"ती आधी."

दुपारी केंद्रातले कामगार लोखंडी आकडे आणि फावडी घेऊन आले. त्यांना झाडं काढा म्हटलं होतं, तेव्हा ते काढू लागले. एकाने फुलाच्या दांड्याला धरून हिसका दिला, दांडा हातात आला, गड्डा खडीतच राहिला. आप्पा बांधावर बसले होते. आधी ते डोळे मिटून बसले. मग पाठ फिरवून बसले. पाठीमागे पुन्हा एक दांडा मोडला तसे ते उठले.

"कापूस पिंजताय का रे? व्हा बाजूला! असं वरून ओढून येतं का कधी? मूळ तसंच राहिलं तर खत पण तसंच राहील, हिचं पाणी नासेल." आणि तिच्याकडे वळून, "तू काय बघत उभी राहिलीस? बूट घाल आणि ये. खालून हात घाल. असा. नाही, असा! लहानपणी शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं तेव्हा लावायला शिकवलं होतं," ती तिरसटून म्हणाली आणि उतरली.

आयुष्यात आप्पांनी फुलावर आलेलं झाड कधी उपटलं नव्हतं. बागेत असताना कोणी फूल तोडलं तर ते फाटकापर्यंत मागे जायचे. आता ते एकेका गड्ड्याखाली दोन्ही पंजे घालत होते, हलकेच सैल करत होते, आणि लाल फुलासकट तो उचलून हातगाडीत आडवा ठेवत होते. गाणं नव्हतं. नुसता खडीचा करकर आवाज आणि दोघांचे श्वास. कामगार मुकाट्याने गाड्या ओढू लागले.

एका मोठ्या गड्ड्याच्या मुळ्या त्यांनी झटकल्या, तेव्हा त्यांतून पांढरे दाणे गळले. निम्मे विरघळलेले, साबणाच्या चिपांसारखे. आप्पांनी ते तळहातावर घेतले आणि बोटाने चाळवून पाहिले.

"खाल्लंच नाही की सगळं."

"नाही."

"मग बाकीचं गेलं कुठे?"

"पाण्याबरोबर. तळ्यात."

"तिथे कोण खातं?"

"शेवाळ. ते माजतं, मग मरतं, कुजतं, पाण्यातली हवा शोषून घेतं, आणि मासे गुदमरतात."

आप्पा तळव्याकडे बघत राहिले. त्यांनी माशांचा विचार केला नव्हता. माळ्याच्या जन्मात मासे येत नाहीत.

"हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले.

"आप्पा!" ती एवढ्या जोराने ओरडली, की बदकांची जोडी फडफडत उडाली आणि एक कामगार गाडीसकट घसरला. "मी हेच सांगतेय! पाणथळ बांधली तेव्हापासून हेच सांगतेय! तुम्हाला, साहेबांना, दिसेल त्याला! बोलून बोलून माझा घसा फुटलाय!"

"तू उपाशी राहू दे, उपाशी राहू दे, एवढंच म्हणायचीस," आप्पा शांतपणे म्हणाले. "मासे आज म्हणालीस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून ती अजूनच वैतागली. तिने पुढच्या गड्ड्याखाली इतक्या रागाने हात घातला, की तो एका दमात वर आला.

"बघ," आप्पा म्हणाले. "जमलं."

सूर्य कलेपर्यंत वाफ्याचा मधला भाग उघडा पडला. कडेच्या, ज्यांच्यापर्यंत आप्पांची मूठ पोचली नव्हती त्या फिकट कर्दळी तेवढ्या राहिल्या, आणि पहिल्या वाफ्यातून परत आणलेल्या रोडक्या. पाणकणसं आपल्या जागी गेली. आप्पांना तिने अट घातली, की यापुढे यायचं तर तिच्याबरोबर यायचं आणि मोकळ्या हातांनी यायचं. त्यांनी मान डोलावली.

पाणी निवळलं, बाई आल्या, बाटली भरली, गेल्या. निकाल आला तेव्हा तिने कागद उलटा धरला नाही. सरळ धरून दोनदा वाचला. पाणी उत्तीर्ण. नुसतं उत्तीर्ण नाही, आजवरचं सगळ्यात स्वच्छ.

"चाललं म्हणायचं तुमचं गवत," मोठे साहेब म्हणाले आणि सुरळी कपाटावर ठेवली. आत नाही, वर. हात पुरेल अशी.

घरी आप्पा खिडकीशी होते. "पास झालं," ती दारातूनच म्हणाली.

"छान झालं." मान वळली नाही.

"उद्या येताय ना बघायला?"

"नको. तुझं काम झालं, मला आनंद आहे. पण मी येऊन काय करू? हात मागे बांधून त्यांची उपासमार बघू? मला नाही जमत ते. खरंच नाही जमत गं."

त्यांनी हे भांडून म्हटलं असतं तर ती भांडली असती. ते अगदी साधेपणाने म्हणाले. मग आठवडे गेले. मामा रोज विचारायचे, "आप्पा बरे आहेत ना?" आणि ती रोज चिडून म्हणायची, "बरे आहेत, हट्टी आहेत." येत होते तेव्हा डोक्याला ताप होता, आता येत नाहीत तर दुप्पट ताप. पाणथळ वाचली होती आणि तिला तिथे करमत नव्हतं. याला काय म्हणावं?

एका सकाळी ती नळाची जाळी साफ करत होती. मागे खडीवर पावलं वाजली. आप्पा. हात खरोखरच पाठीमागे बांधलेले. अबोला धरलेल्या घरापुढून जाताना माणूस मान फिरवतो, तशी मान फिरवून ते तिसऱ्या वाफ्याजवळून गेले आणि सरळ शेवटाला आले, जिथे पाणी नळातून उथळ चरात पडतं आणि तळ्याकडे निघतं.

"माझ्याबरोबर यायचं ठरलं होतं," ती म्हणाली.

"तू आहेस की इथे. म्हणजे तुझ्याबरोबरच झालं."

ते चरावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"दिसत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. खालचे खडे दिसतायत. तो चतुर उडतोय ना, त्याची सावली तळाशी दिसतेय, पंखांच्या रेघांसकट. पण पाणी कुठंय?"

ती जाळी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी वाकली. खडे होते, सावली होती. मधलं पाणी असून नसल्यासारखं, नुसतं हलत होतं म्हणून कळत होतं.

"एवढ्यासाठी," आप्पा म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"एवढ्यासाठी."

त्यांनी पाठीमागचे हात सोडले, एक बोट पाण्यात बुडवलं आणि निथळू दिलं. मग दोघं चराच्या कडेने तळ्याकडे चालू लागली. आप्पांनी जाता जाता, इच्छा नसल्यासारखी, एकदा मान मागे वळवलीच.

"ती कडेची शेवटून दुसरी फारच वाळलीय. तिला नुसती जरा—"

"आप्पा."

"बरं, नाही बोलत," आप्पा म्हणाले, आणि तळं येईपर्यंत बोलत राहिले.